ओल्या ओकचं घर

ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी थर्मोस्टॅट आपला आपणच जागा होतो, तळघरातली भट्टी धडधडायला लागते आणि जाळीतून वर्षभराच्या धुळीचा जळका वास येतो. ईरा नाक दाबत "ममा, इट स्मेल्स लाइक बर्न्ट सॉक्स" असं ओरडून शाळेच्या बसकडे पळते. निखिल स्वेटर शोधत फिरतो. आणि मला काही म्हणजे काही सुचत नाही. चहात साखर दोनदा पडते. कपाट कशासाठी उघडलं ते आठवत नाही, म्हणून दुसरं उघडते. बाहेर मेपल लालभडक झालेले असतात, शेजारीपाजारी फोन वर धरून त्यांचे फोटो काढत उभे असतात आणि माझ्या कानात मात्र ओकचं लाकूड कडकत असतं. बोटं मोडल्यासारखा आवाज, फक्त ती बोटं खांबाएवढी जाड. सहा-सात वर्षं झाली, पण हिटरचा पहिला वास आला की तो आवाज आलाच.

ते ओकचं घर आमच्यापासून पाऊण तासावर, न्यू जर्सीतल्या एका टेकडीवर आहे. आहे म्हणजे आता आहे. मूळचं ते इंग्लंडातल्या एका खेड्यातलं, पाचशेहून जास्त वर्षांचं. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या एका साबणवाल्या शेठला जुन्या घरात राहायची हौस आली. नवं घर जुनं व्हायला वेळ लागतो आणि तेवढा धीर या माणसाकडे नव्हता. त्याने तिकडचं पडायला आलेलं हे घर विकत घेतलं, खांब न् खांब उतरवला, पेट्यांत भरला, बोटीत चढवला आणि इथे आणून पुन्हा उभा केला. तो गेल्यावर घराचं म्युझियम झालं. पांढऱ्या भिंती, त्यावर काळ्या लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते केकच्या दुकानातल्यासारखं खोटं वाटलं होतं.

मी तिथे पोचले ती घरात बसवेना म्हणून. त्या वर्षी गणपती पाण्यात गेले आणि त्याच आठवड्यात निखिलची नोकरी गेली. एक छोटा व्हिडिओ कॉल, एक "थँक यू फॉर युअर काँट्रिब्युशन", आणि लॅपटॉप काळा. आमच्यासारख्यांना नियम साधा असतो: दोन महिन्यांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. मी त्याच्या व्हिसाची शेपूट. पुण्यात आर्किटेक्ट होते, चार वर्षं साइटवर उन्हात उभी राहिले होते, पण इथे मला काम करायची परवानगी नव्हती. लोक विचारायचे, "मग दिवसभर करतेस काय?" मी म्हणायचे, "मज्जा."

निखिल रोज नऊला बॅग घेऊन बाहेर पडायचा. ऑफिस नव्हतं, पण बॅग होती. गावच्या लायब्ररीत जाऊन बसायचा आणि सहाला परत यायचा, तेही ट्रॅफिकला शिव्या घालत. सांगलीला आईबाबांना कळवायचं नाही, आणि इथल्या मित्रांना तर नाहीच नाही. जणू नोकरी गेली नव्हती, घरात गोवर निघाला होता. मी फक्त सबनीस काकूंना सांगितलं. म्हणजे सांगावं लागलंच नाही. काकू चाळीसहून जास्त वर्षं इथे राहिलेल्या, भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर भूल दिलेल्या बाईला चेहऱ्यावरून कळतं कोण किती शुद्धीवर आहे.

"घरात बसून भिंतींशी बोलणार, त्यापेक्षा माझ्याबरोबर चल," त्या म्हणाल्या. "मी टेकडीवरच्या म्युझियममध्ये व्हॉलंटिअर करते. तिथल्या भिंती तरी इंटरेस्टिंग आहेत. पैसे मिळत नाहीत, पण तुला तसेही घेता येत नाहीत ना?"

काकूंचं बोलणं असंच, सुई टोचून मग कापूस लावणारं.

म्युझियमची प्रमुख डोरोथी. ताठ, पांढऱ्या केसांची, बोलताना पुढच्याच्या खांद्यावरचा धागा उचलणारी. तिने मला माहितीचे कागद दिले आणि आठवडाभरात मी लोकांना घर दाखवायला लागले. आत शिरलं की पहिला लागतो तो उंच हॉल, थेट आढ्यापर्यंत मोकळा. पूर्वी मधोमध जमिनीवरच विस्तव पेटायचा. धुराडं नव्हतं. धूर वर वाशांत घुटमळायचा आणि छपराच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडायचा. ते वासे अजून काळे आहेत. मालक, नोकर, कुत्री, सगळी त्याच धुरात जेवायची आणि त्याच धुरात झोपायची. पुढच्या पिढ्यांनी विटांचं धुराडं बांधलं, खोल्या पाडल्या, दारांना कड्या लावल्या. एकांत नावाची चीज घरात शिरली ती धूर बाहेर गेल्यावर, असं मी सांगायचे आणि लोक मान डोलवायचे. घरी आमच्या दोन खोल्यांत निखिल आणि मी एकमेकांना चुकवत हिंडत होतो, तो एकांत वेगळा.

मग भिंती. खांबांच्या मधल्या चौकटींत काटक्या विणायच्या, त्यावर माती, गवत आणि शेण कालवून लिंपायचं. शेण म्हटलं की पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. मला मात्र पहिल्याच दिवशी हसू फुटलं, कारण हा तर आपला कूड! आजऱ्याला माझ्या मामांचा गुरांचा गोठा असाच होता. पावसाळा संपला की मामी पदर खोचून भिंती लिंपायला बसायच्या, आणि आम्ही मुलं मदतीच्या नावाखाली कोपरापर्यंत बरबटून घ्यायचो. एवढा समुद्र ओलांडून आले, इंग्रज सरदाराच्या दिवाणखान्यात शिरले, तर पुढ्यात मामाचा गोठा. ईराच्या दुसरीच्या वर्गाची सहल तिथे आली तेव्हा मी ही गोष्ट अगदी रंगवून सांगितली. पोरं खूश. ईरा लाल. घरी येताना गाडीत म्हणाली, "ममा, यू सेड पूप लाइक नाइन टाइम्स." मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघून, "बट यू वर काइंडा गुड." त्या महिन्यात मला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र.

पण मी अडकले ती लाकडात. त्या सुतारांनी ओक वाळवून वापरला नव्हता, ओलाच वापरला होता. वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. ओल्या लाकडात खाच पाडायची, दुसऱ्या लाकडाची जीभ तिच्यात सरकवायची आणि आरपार खुंटी ठोकायची. दोन्हींतली भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली, म्हणजे खुंटी आत जाईल तसा सांधा आवळत जातो. लोखंडाचा खिळा नाही. मग घरात माणसं राहायला येतात आणि त्यांच्या डोक्यावर लाकूड वर्षानुवर्षं वाळत राहतं. पीळ खातं, तडकतं, वाकतं, आणि जितकं आकसतं तितकं एकमेकांना घट्ट धरतं. म्हणून त्या घरात एकही रेघ सरळ नाही आणि तरी ते पडत नाही. पुण्यात आम्ही तडा दिसला की कंत्राटदाराला धारेवर धरायचो. इथे हातभर लांबीच्या भेगा अंगावर घेऊन खांब मजेत उभे. इतक्या शतकांनी वाळायचं काय राहिलंय कुणास ठाऊक, पण ऑक्टोबरात म्युझियमचा हिटर सुरू झाला, कोरडी हवा खेळायला लागली की ते अख्खं घर कडकायला लागायचं. पाहुणे दचकायचे. मी म्हणायचे, "काही नाही, अंग मोकळं करतंय."

पाहुण्यांचा आणखी एक ठरलेला सुस्कारा असायचा: बिचारं घर! कुठून कुठे आणून टाकलं! काकूही सूर मिळवायच्या. "आपल्यासारखंच गं हे, मुळासकट उपटलेलं." मला संताप यायचा. लाकडाला व्हिसा लागत नाही, काकू. लाकडाला कुणी दोन महिन्यांची मुदत देत नाही. आणि मुळात ही कीव खोटी आहे. असं घर जागेवर बांधतच नसत. सुतार आपल्या अंगणात लाकडं आडवी पसरून सगळे सांधे कापायचे, जुळवून बघायचे, कुठलं कुठे जाणार त्याच्या खुणा पटाशीने कोरायचे, मग सगळं सोडवून गाडीत भरायचे आणि खऱ्या जागी नेऊन उभं करायचे. त्या खुणा अजून दिसतात, रोमन आकड्यांसारख्या, पण सुताराच्या सोयीने बदललेल्या. म्हणजे हे घर कुणी राहायला यायच्या आधीच एकदा जुळवून मोडलेलं होतं. बोटीत बसलं ते दुसऱ्यांदा. हे मी इतक्या तावातावाने सांगायचे की एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही इथे कुणाशी भांडताय?"

त्या खुणा बघतानाच मला ती चूक सापडली. हॉल आणि स्वयंपाकघराकडचा बोळ यांच्यामध्ये एक लाकडी पडदी आहे. तिची एक बाजू कोरीव, नक्षीच्या कडा असलेली, दुसरी साधी, नुसता रंधा मारलेली. कोरीव बाजू तोंड करून होती बोळाकडे, म्हणजे नोकरांकडे. मालकाच्या हॉलकडे तिची पाठ. असं कोण करेल? खुणा तपासल्या, खुंट्या कुठून ठोकल्यात ते पाहिलं, आणि खात्री पटली की इथे उभं करताना साबणवाल्याच्या माणसांनी अख्खी पडदी उलटी बसवली आहे. शंभर वर्षं मालकाच्या वाट्याला पाठ आणि भांडी उचलणाऱ्यांच्या वाट्याला नक्षी! मला इतका आनंद झाला की मी धावत डोरोथीकडे गेले. ती आली, चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिली.

"आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरचा नसलेला धागा उचलत तिने विचारलं, "तू पूर्वी काय होतीस?"

तिने चांगल्या मनाने विचारलं होतं. पण ते 'पूर्वी' माझ्या जिव्हारी लागलं. गाडीत बसले, किल्ली लावली आणि तशीच बसून राहिले.

त्या संध्याकाळी ईरा खाली शेजाऱ्यांकडे खेळायला गेली होती. निखिल डायनिंग टेबलावर कुठल्याशा इंटरव्ह्यूची तयारी करत होता. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "नाही मिळाली तर नाही मिळाली. परत जाऊ."

"पॉझिटिव्ह बोल ना यार."

"पॉझिटिव्हच बोलतेय. मला परत जायचंय, निखिल. मला काम करायचंय."

त्याने मान वर केली. "आत्ता? आत्ता सांगतेस हे?"

"मग कधी सांगू? नोकरी असताना सांगितलं असतं तर म्हणाला असतास, नोकरी आहे ना, कशाला."

"मी इकडे जिवाचं रान करतोय आणि तू मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलीयेस, मला नोकरी मिळू नये म्हणून?"

तसं नव्हतं. पण अगदीच तसं नव्हतं असंही नाही. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, त्याच्या नजरेत त्या क्षणी मी फिरलेला वासा होते. पोळी करपली. पुढचे कितीतरी दिवस आम्ही फक्त ईराच्या डब्याबद्दल आणि कचरा उचलायच्या वाराबद्दल बोललो. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी आले की मी भांडी घासायला घ्यायचे.

दिवाळीला काकूंकडे फराळ होता. आयसेलिनच्या देशी दुकानांतून आणलेल्या चकल्या, काकूंनी स्वतः केलेले, दात आजमावणारे बेसनाचे लाडू, आणि पंचवीसेक माणसं. सगळ्यांचं सगळं उत्तम चाललेलं. निखिल नव्या कुर्त्यात ऑफिसच्या गमती सांगत होता आणि मी हसत होते. तेवढ्यात त्याचा नागपूरचा मित्र मंदार त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "काय रे, तुमच्याकडे हायरिंग चालू आहे का? एक मित्र आहे माझा, बिचाऱ्याला ले-ऑफ झाला. रेफर करशील?"

"सांगतो की," निखिल म्हणाला. मग जरा थांबून, "तुमच्याकडे काय सीन आहे? माझा एक कझिन शोधतोय."

"पाठव ना रेझ्युमे, बघू या."

पुढच्या मंगळवारी सकाळी लायब्ररीत, प्रिंटरपाशी, दोघं समोरासमोर आले. दोघांच्या खांद्याला बॅग, दोघांच्या हातात स्वतःचाच रेझ्युमे. मित्र मंदार होता आणि कझिन निखिल. निखिलने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी हसलो, हसता हसता तो रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गणपती ते दिवाळी दोघं एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर बसून एकमेकांपासून लपत होते. अशी चूक आपलीच माणसं करू जाणोत. सांगितलं असतं तर निदान डबा तरी एकत्र खाल्ला असता.

त्यानंतर मात्र भराभर घडलं. मंदारने देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, बॉथेल नावाच्या गावातल्या एका कंपनीचं सांगितलं, त्याला स्वतःला ते काम जुळत नव्हतं, निखिलला जुळत होतं. काम घरूनच. तीन फेऱ्या झाल्या आणि मुदत संपायला थोडे दिवस उरलेले असताना ऑफर आली. शनिवार होता, दुपार. मी म्युझियममधून नुकतीच आले होते, अंगावर अजून नावाची पट्टी. निखिलने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाला, "त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवंय. तू ठरव."

"मी?"

"हो. मी खूप विचार केला. तू नाही म्हणालीस तर नाही. आपण जाऊ. मी मागे कधी बोलून दाखवणार नाही."

तो खरंच बोलत होता, हे मला आवाजावरून कळलं. मी खुर्ची ओढून बसले. ईरा खोलीत कुठलंसं गाणं म्हणत होती. पानं गोळा करायचं यंत्र बाहेर घरघरत होतं. ज्यासाठी मी इतकी तडफडले ते ताटात वाढून पुढे ठेवलेलं होतं, आणि मी म्हणाले, "घे."

"नक्की?"

"घे म्हटलं ना."

काकूंना वाटलं मी ईरासाठी म्हटलं. निखिलला वाटलं त्याच्यासाठी. माझ्या आईला, मागाहून सगळं कळल्यावर, तर मी साक्षात सावित्री वाटले. कुणालाच मी दुरुस्त केलं नाही, कारण मलाही तेव्हा कळलं नव्हतं. पण दर वर्षी हिटरचा वास आला की मी त्या खुर्चीत परत जाऊन बसते, आणि आता कळलंय. मी भ्यायले होते. इथे मला अडवायला एक सरकार होतं. मला काम करता येत नाही, कारण परवानगी नाही, हे वाक्य कुठेही, कुणालाही ताठ मानेने सांगता येत होतं. पुण्यात मला कुणी अडवलं नसतं. तिथे माझ्या वर्गमैत्रिणींच्या नावाच्या पाट्या लागल्या होत्या, सॉफ्टवेअर तीनदा बदललं होतं, आणि मी जाऊन एखाद्या ऑफिसच्या दारात उभी राहिले असते आणि मला जमलंच नसतं तर? तर मग दोष कुणाला देणार होते?

त्या घराबद्दल मी एवढं बोलले, पण एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. ओला ओक कापायला सोपा असतो. माणूस वाळून गेल्यावर त्याला नवी खाच पाडणं फार अवघड.

निखिलच्या ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला आणि यंदाच्या उन्हाळ्याच्या शेवटी मला कामाचं परमिट मिळालं. निखिलने पेढे आणले. ईरा आता मिडल स्कूलमध्ये आहे, तिने कार्डावरचा माझा फोटो बघून "यू लुक लाइक अ क्रिमिनल" म्हटलं आणि मग गळ्यात पडली. मी मात्र ते कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि महिनाभर त्याच्याकडे पाहिलं नाही. जुनी लाकडी कोठारं आणि घरं दुरुस्त करणारी एक छोटी कंपनी जवळच आहे, त्यांना माणूस हवाय, हे डोरोथीने सांगितलं होतं. मी म्हटलं, बघते. काकूंनी विचारलं, मी म्हटलं, दिवाळीनंतर. मग थर्मोस्टॅट जागा झाला, वास आला, चहा गोडमिट्ट झाला, आणि त्याच सकाळी मी चिडून त्या कंपनीला फोन केला. चिडले कुणावर, ते सांगायला नको.

परवा गेले. एका शेडमध्ये त्यांचं ऑफिस आहे, निम्म्या शेडमध्ये लाकडं रचलेली. समोर एक बाई आणि एक गृहस्थ, दोघंही माझ्यापेक्षा लहान. मधल्या वर्षांत काय केलंत, असं त्यांनी विचारलं, आणि मी परवानगीबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण ते वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. म्हटलं, "काम केलं नाही. घर दाखवलं." गृहस्थांनी मान हलवली, एक कोरा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. खांब वर धडधाकट आहे, जमिनीपाशी दोन हात कुजलाय. नवं लाकूड कसं जोडाल, काढून दाखवा.

मला माहीत होतं. अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं. पण पेन्सिल धरली ती त्या दोघांच्या नजरेखाली. पहिली रेघ वाकडी आली, दुसरी तिच्याहून वाकडी. खोडरबर मागावं असं वाटलं, उठून जावं असंही वाटलं, बाहेर गाडी उभी होती.

मी दुसरा कागद मागितला.